इशारेवाला

१२ जानेवारी, सोमवार

आजपासून मला वर्ग नाही. एकवीस वर्षं गणित शिकवल्यावर घशाने संप पुकारला आहे. स्वरयंत्राच्या पडद्यांवर गाठी आल्यात, सहा आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं घशाच्या डॉक्टरांनी बजावलं. "फार ओरडून शिकवता का?" असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. शेजारच्या खुर्चीवरून हे म्हणाले, "घरीसुद्धा." विनोद असावा. मी सोडून दिलं.

शाळेत गेले तर आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, माझी सोय लावूनच ठेवली होती. कॉम्प्युटरच्या खोलीला लागून एक चिंचोळी खोली आहे, मधे काचेची भिंत. तिथे बसायचं. संस्थेने कॉम्प्युटरवर जुळवायच्या तयार भागांचा एक संच विकत घेतलाय. त्यातले भाग जुळवून सहावीसाठी अपूर्णांकांचे धडे करायचे, असे की मूल स्वतः हात लावून शिकेल. सव्वीस फेब्रुवारीला संस्थेची समिती पाहायला येणार. धडे पसंत पडले तर ते संस्थेच्या सातही शाळांत लागतील आणि मला धडे बनवण्याची कायमची जागा मिळेल. नाही पडले तर प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती. मोठ्या बाईंनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की निवृत्ती हे बक्षीस वाटावं. मी वहीत 'ठीक' लिहून वही त्यांच्यापुढे धरली.

रोजचं लिहून ठेवायची मला सवय नाही. पण दिवसभर मूग गिळून बसल्यावर जे साचतं ते कुठेतरी ओतायला हवं.

१५ जानेवारी, गुरुवार

संच बरा आहे. पडद्याच्या डाव्या अंगाला भागांचा डबा, म्हणजे यादी, उजवीकडे कोरी जागा. हवा तो भाग बोटाने ओढून आणायचा आणि दुसऱ्याला रेघेने जोडायचा. सरकपट्टी आहे, ती सरकवली की चित्रातल्या फितीचे भाग कमीजास्त होतात. उत्तराची पेटी आहे. टाळ्या वाजवणारा एक आहे, तो मी लगेच परत डब्यात टाकला. गुण मांडणारा आहे, तो शेवटी तक्ता काढून देतो आणि पन्नासच्या खाली असलेल्या मुलाच्या नावाभोवती लाल रेघ मारतो. आणि एक इशारेवाला आहे. मूल अडलं की तो मदतीला येतो. मला हा सगळ्यांत आवडला. छत्तीस पोरांत मी एकटी कुणाकुणापाशी पोचणार होते?

प्रत्येक भागाच्या पोटात माहितीचं एक पान असतं. सरकपट्टीचं वाचलं. चार वेळा वाचून अर्धं कळलं. बाकीचे भाग जोडल्याबरोबर मुकाट चालायला लागले, तेव्हा त्यांची पानं उघडली नाहीत.

कॉम्प्युटरच्या सरांना मुलं 'रीस्टार्ट' म्हणतात, कारण कुठलीही तक्रार नेली तरी त्यांचा उपाय एकच. आज मी त्यांना वहीत लिहून विचारलं, इशारेवाला नेमका कधी येतो? ते म्हणाले, "येतो हो बाई. वेळ झाली की येतो."

२० जानेवारी, मंगळवार

पहिला धडा तयार झाला. घरी आणून ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी तीस वर्षं नकाशे काढण्याच्या कचेरीत काढली, त्यामुळे समोर काहीही आलं तरी ते आधी चारी कोपऱ्यांतून न्याहाळतात. 'फितीचा तीन चतुर्थांश भाग रंगवा' एवढं वाचायला किती वेळ लागावा? हे चष्मा पुसून बसले. तेवढ्यात फितीचे चार भाग झाले, त्यांतले तीन रंगले.

"अगं, मी वाचत होतो अजून," हे म्हणाले. "त्यानेच करून टाकलं."

मी वहीत लिहिलं, 'तुम्ही फार सावकाश वाचता.'

दहाही प्रश्न असेच झाले. दहापैकी दहा गुण! अपूर्णांकांशी ह्यांचा संबंध सुटून चाळीस वर्षं उलटली असतील. त्यांना पैकीच्या पैकी पडतात म्हणजे धडा जमला, याला वेगळा दाखला कशाला हवा?

२७ जानेवारी, मंगळवार

आज मुलं पहिल्यांदा बसली. मी काचेमागे होते.

सहावीचा वर्ग इतका शांत मी आजवर पाहिलेला नाही. गणिताच्या तासाला मला घसा फोडावा लागायचा, आणि आज मुलं हाताची घडी घालून पडद्याकडे एकटक बघत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नुसते ओठ हलताना दिसत होते. तोंडी हिशेब करत असावीत. पहिल्या रांगेतला एक मुलगा तर टेबलावर बोटाने ठेका धरून विचार करत होता. सगळे जवळजवळ एकाच वेळी 'पुढे' दाबत होते. छत्तीस डोकी एका लयीत चालताहेत, असं दृश्य होतं. मी सहसा भारावून वगैरे जात नाही. आज थोडी गेले.

गोंधळ फक्त तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर होता. तिथे बसते ती मुलगी सरकपट्टी सारखी पुढेमागे करते, स्वतःशी "अरे!" म्हणते, "नाही, नाही" म्हणते. शेजारचे वैतागून तिला गप्प करत होते.

३० जानेवारी, शुक्रवार

आठवड्याचा तक्ता निघाला. वर्गाची सरासरी शंभरात एक्क्याण्णव. दर प्रश्नाला लागलेला वेळ त्रेचाळीस सेकंद. कुणाचा बेचाळीस, कुणाचा चव्वेचाळीस, फार फरक नाही. हुशार आणि मठ्ठ ह्यांच्यातलं अंतरच पुसलं गेलंय. मी एकवीस वर्षांत जे करू शकले नाही ते ह्या डब्यातल्या भागांनी चार दिवसांत केलं, हे लिहायला थोडं जड जातं, पण आहे ते आहे.

तीन नंबरचे गुण अडतीस. तिची वेळही वेडीवाकडी. एका प्रश्नाला दहा सेकंद, पुढच्याला चार मिनिटं. चुकीचे प्रयत्न एकसष्ट. बाकी सगळ्या वर्गाचे मिळून नऊ.

मोठ्या बाईंनी तक्ता पाहिला आणि मला चहा मागवला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

४ फेब्रुवारी, बुधवार

शाळेत विशेष काही नाही.

हे हल्ली फार बोलतात. आज जेवताना त्यांनी धरणाच्या नकाशाची अख्खी गोष्ट सांगितली. त्यात एक टेकडी दोनदा काढली गेली होती आणि कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गोष्ट चांगली होती. मी ती पूर्वी कधी ऐकली नव्हती, म्हणजे लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी. पूर्वी हे इतके बोलके नव्हते. वय झालं की माणसं बडबडी होतात म्हणतात, तसं असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

सरासरी पंच्याण्णव. तीन नंबर एकेचाळीस.

गुण मांडणाऱ्याने तिच्या नावाभोवती लाल रेघ मारली आणि खाली विचारलं, 'तयारी वर्गासाठी शिफारस. मान्य?' तयारी वर्ग म्हणजे वाचनालयामागची खोली. मागे पडलेल्या मुलांना गणिताच्या तासाला तिथे नेऊन पी. टी.चे सर घोकून घेतात. तिथे गेलेलं मूल पुढच्या वर्षी क तुकडीत जातं आणि क तुकडीतून वर आलेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. हे मला माहीत आहे. म्हणून मी दहा मिनिटं थांबले. दोन आठवडे, दोन तक्ते, दोन्हींत तीच एक खाली. समिती येईल तेव्हा सरासरीला बट्टा लावणारं ते एकच नाव आहे, हेही डोक्यात आलं. ते खोटं कशाला लिहू?

तरी मी तेवढ्यासाठी नाही केलं. आकडे समोर होते. 'मान्य' दाबलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन नंबरची आई आली होती. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासते. बोटांच्या टोकांना पांढरी पूड लागलेली, तशीच कामावरून आली असावी. दारातच उभी राहिली.

"बाई, तिला मागच्या खोलीत घालणार म्हणे?"

मी मान हलवली आणि बसायला खूण केली. ती बसली नाही.

"घरी रोज कागदाच्या पट्ट्या कापत बसते हो ती. वर्तमानपत्र वाचायला शिल्लक ठेवत नाही. हे तीनाचे भाग, हे पाचाचे, मला पण धरून बसवते. आणि तुम्ही म्हणता येत नाही?"

मी तक्ता तिच्यापुढे सरकवला. लाल रेघेवर बोट ठेवलं. चुकीच्या प्रयत्नांचा आकडा दाखवला. तिने तो नीट वाचला, वरची-खालची नावंही वाचली.

"बाकीच्यांचं काही चुकतच नाही?"

मी अभिमानाने मान हलवली.

"आमच्याकडे नवी पोरगी कामाला लागली ना," ती म्हणाली, "की पहिल्या महिन्यात दहा-बारा काचा फोडतेच. जी एकही फोडत नाही तिच्यावर मुकादम डोळा ठेवून असतो. ती दुसरीने घासलेल्या काचा स्वतःच्या ट्रेमध्ये लावत असते."

काचांचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. आई म्हटल्यावर तिला वाईट वाटणारच. मी वहीत लिहिलं, 'तिच्या भल्यासाठीच आहे.' तिने वाचलं, वही परत दिली आणि गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन नंबरचा कॉम्प्युटर आजपासून रिकामा. वर्ग अगदी चिडीचूप. सरासरी अठ्ठ्याण्णव.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

समितीला दाखवायला मागे पडलेल्या मुलांसाठीही एखादा सोपा धडा असावा, असं मला वाटलं. त्यासाठी तीन नंबरचं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघायचं ठरवलं. मधल्या सुट्टीत तिला बोलावून घेतलं. ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली आणि सरकपट्टीला हात लागल्याबरोबर सगळं विसरली. तीन भाग केले, पुसले. सहा केले. "दोन सहांश म्हणजे तेच की!" असं स्वतःलाच म्हणाली. प्रश्न एक तृतीयांशाचा होता. तिने उत्तर दिलं, चुकलं, पुन्हा दिलं, बरोबर आलं. तेवढ्यावर थांबावं ना? तर नाही, मग नऊ भाग करून बघितले.

मी वहीत लिहिलं, 'तू घाई का करतेस? बाकीची मुलं कशी शांतपणे विचार करून मग उत्तर देतात.'

तिने वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात वेंधळ्या पोरांकडे बघते.

"बाई, ती विचार नाही करत. ती मोजतात."

मी हातानेच विचारलं, काय?

"चाळीस. काही हात न लावता चाळीस मोजले की ते स्वतःच उत्तर भरतं. मग पुढे दाबायचं. सगळ्यांना माहितेय. पहिल्या दिवशीच कळलं."

मी लिहिलं, 'मग तू का नाही मोजत?'

"मोजले होते एकदा. पण मग ते सांगून टाकतं ना! माझं चाललेलं असतं अजून." मग तिने विचारलं, "मी पण मोजले तर परत वर्गात घ्याल?"

तिला मागच्या खोलीत परत पाठवलं आणि इशारेवाल्याच्या पोटातलं पान उघडलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. हा भाग मुळात दुकानातल्या गल्ल्यावर बसणाऱ्या नोकरांना तयार करण्यासाठी बनवलेला आहे. तिथे गिऱ्हाईक ताटकळू नये हे महत्त्वाचं. म्हणून चाळीस सेकंद नोकराने काही केलं नाही तर यंत्राने स्वतः उत्तर भरायचं आणि ते बरोबर धरायचं. चुकीच्या प्रत्येक प्रयत्नाला मात्र गुण कापायचे. हा आकडा बदलता येतो, असंही खाली लिहिलं आहे. एका ओळीचं काम होतं.

त्रेचाळीस सेकंद! चाळीस मोजायचे आणि तीन सेकंद 'पुढे' दाबायला. रोज तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्यावर खूश होते. वर्गात एकच मूल गणित करत होतं. त्याला मी उचलून बाहेर ठेवलं.

मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी आज थोडं बोलायची मोकळीक दिली. सावकाश, बेतानं, दिवसाला पाच-दहा वाक्यं. आवाज आला तो माझा वाटला नाही. गंजलेली कडी काढावी तसा.

पहिली वाक्यं मोठ्या बाईंकडे खर्च केली. सगळं सांगितलं.

"सहा आठवड्यांनी तोंड उघडलंत आणि हे सांगायला?" त्या म्हणाल्या. मग दार लावून घेतलं. "हे बघा, तीन दिवस दम धरा. समिती येऊ दे, बघू दे, जाऊ दे. तुमची जागा पक्की झाली की काढा तो तुमचा इशारेवाला. कोण अडवतंय?"

"सात शाळांत जाईल तो तोवर."

"जाईना का. नंतर दुरुस्त करू."

"आणि ती मुलगी?"

"तयारी वर्गाच्या यादीत गेलेलं नाव समितीच्या सहीशिवाय निघत नाही, तुम्हाला काय नवीन सांगायचं. महिन्या-दोन महिन्यांनी नाव मागे घेऊ. तुमच्याच भल्याचं सांगतेय मी."

मी गप्प बसले. आता त्याची सवय झाली आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही. महिना म्हणजे काही जन्म नव्हे. जागा हातात असली तर मी पुढे चांगले धडे करू शकते. जागा गेली तर त्या मुलीचं तरी माझ्याकडून काय भलं होणार? हे सगळं बरोबर आहे. तरी दिवसभर एका जागी बसवेना.

दुपारी मागच्या खोलीवरून गेले. आतून एका सुरात उत्तरं येत होती. कोणाचा आवाज कोणता ते ओळखू येत नव्हतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

इशारेवाला अजून आहे तिथेच आहे. दोनदा त्याच्यावर बोट नेलं, दोनदा मागे घेतलं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, काय करू? ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू पूर्वी माझी वाक्यं पुरी करायचीस. म्हणजे चुकीची करायचीस असं नाही. बहुतेक बरोबरच असायची. पण मग मला खरं काय म्हणायचं होतं, ते माझं मलाच कळायचं नाही. पुढे पुढे मी अर्ध्यावरच थांबायला लागलो. तूच करशील म्हणून."

मी धड्याबद्दल विचारलं होतं. ह्यांचं हल्ली असंच होतं, एक विचारावं तर भलतीकडेच जातात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी शाळा भरायच्या आधी काढला. रेघ तोडली, भाग डब्यात परत टाकला. अर्धं मिनिट लागलं. मोठ्या बाईंना सांगितलं नाही.

समितीचे चौघे अकराला आले. मागे खुर्च्या मांडल्या होत्या, मीही आज काचेमागे न बसता मुलांच्या खोलीतच होते. मोठ्या बाईंनी अठ्ठ्याण्णवचा तक्ता प्रत्येकाच्या हातात दिला. मुलं बसली. पहिला प्रश्न पडद्यावर आला, पस्तीस मुलांनी हाताची घडी घातली.

मीही मनात मोजत होते. चाळीस झाले. पन्नास झाले. काही आलं नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. दीड मिनिटाने पहिल्या रांगेतल्या मुलाने हात वर केला. "सर, हे बंद पडलंय." मग इकडून तिकडून हात वर झाले. रीस्टार्ट सर धावत आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, एकदा रीस्टार्ट करू का?"

"नको," मी म्हणाले. "काही बंद पडलेलं नाही. करा तुम्ही, मुलांनो."

समितीतल्या एका गृहस्थांनी दाबलेला खोकलाही ऐकू आला. चार मिनिटं गेली. मोठ्या बाईंचा चेहरा मला काचेत दिसत होता, वळून बघायची गरज नव्हती. मग एका मुलीने सरकपट्टीला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. हळूहळू सगळ्यांनीच काहीबाही केलं. उत्तरं कशीही आली. एक मुलगा रडला. पाऊण तासाने तक्ता निघाला, सरासरी सतरा.

अध्यक्षांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी धरले. "हे काय आहे?"

मी उभी राहिले आणि सांगितलं. भाग कशासाठी बनवलेला होता, मी त्याचं पान वाचलं नाही, जे मूल गप्प बसलं त्याला आम्ही पैकीच्या पैकी दिले, आणि जिने हातपाय हलवले तिला मागच्या खोलीत पाठवलं. शिफारस मी मान्य केली. खापर फोडायला दुसरं डोकं नव्हतं, शोधलंही नाही. शेवटी आवाज फाटला.

"म्हणजे महिनाभर ही मुलं शिकली काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"मोजायला," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मीही विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल दुपारी आला. धडे बंद. संच परत जाणार. माझी निवृत्ती मार्चअखेरीपासून. त्याच कागदाच्या तळाशी एक ओळ: तयारी वर्गाची नवी शिफारस रद्द, विद्यार्थिनीने सोमवारपासून वर्गात बसावे. ती ओळ मी तीनदा वाचली.

मोठ्या बाई म्हणाल्या, "आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात." त्यांचा आवाज गोड नव्हता. मला तो जास्त बरा वाटला.

शाळा सुटल्यावर चष्म्याच्या कारखान्यात गेले. आई बाहेर आली. मी म्हटलं, माझी चूक झाली, तिला येतं, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. तिने हात पुसले. "हे तिला सांगा," ती म्हणाली. "मला तर आधीपासून ठाऊक होतं." आणि कामाला परत गेली. मी पाच मिनिटं फाटकापाशी उभी होते, मग घरी आले.

६ मार्च, शुक्रवार

सोमवारी ती वर्गात आली तेव्हा मी तिला सांगितलं, सगळ्या वर्गादेखत, की चूक तिची नव्हती, माझी होती. तिने "हो बाई" म्हटलं. मला वाटलं, संपलं. काम निस्तरलं.

आज तिला मधल्या सुट्टीत काचेच्या खोलीत बोलावलं. संच उद्या परत जायचाय, तोवर तिला हवं तेवढं खेळू द्यावं म्हणून. 'फितीचा दोन तृतीयांश भाग रंगवा' असं तिच्यापुढे ठेवलं आणि मी खिडकीशी जाऊन कागद आवरायला लागले. "अरे!" ऐकू येईल म्हणून कान तिकडेच होते. काही ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तर ती हाताची घडी घालून बसली होती.

"काय गं? कर की."

"तुम्ही सांगा ना बाई, मी लिहिते."

"तुला येतं हे."

"मागच्या खोलीत सर आधी सांगतात. मग आम्ही सगळे म्हणतो. मग लिहायचं." ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "तसं केलं की चुकत नाही."

ती तिथे दोन आठवडे होती. त्यातले चार दिवस तर मला सगळं कळल्यानंतरचे, मी दम धरून बसले होते तेव्हाचे.

मी तिच्या शेजारी बसले. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. तीन भाग कर, दोन रंगव. पाच शब्दांचं तर काम. मुलाने तोंड उघडायच्या आत माझं उत्तर बाहेर, अशीच माझी एकवीस वर्षं गेली, आणि मी त्याला शिकवणं म्हणत होते. मी ओठ मिटून घेतले. ती माझ्याकडे बघत होती. मी पडद्याकडे बघत राहिले. सुट्टी संपल्याची घंटा झाली, बाहेरची पळापळ थांबली, पलीकडे कुठलासा वर्ग सुरू झाला. ती उठली नाही. मी तिला उठ म्हटलं नाही.

मग तिने एक हात घडीतून सोडवला. सरकपट्टी थोडी सरकवली, माझ्याकडे बघितलं, परत सरकवली. फितीचे पाच भाग केले आणि त्यांतले दोन रंगवले.

चूक होतं. मी काही बोलले नाही, आणि ह्या खेपेला त्याचा घशाशी काही संबंध नव्हता.